दार कुठलं, ते सांग

वहिनींना घरात एक टोपणनाव होतं: 'कोणीतरी'. ते सासूबाईंनी ठेवलेलं, आणि अगदी चपखल. कारण वहिनींचं घरातलं निम्मं बोलणं या एकाच शब्दाने सुरू व्हायचं. कोणीतरी गॅस बारीक करा. कोणीतरी पंखा बंद करा गं. कोणीतरी बघा जरा बाहेर कोण आलंय. हुकूम हवेत सोडायचा आणि आपण पुन्हा आपल्या कामात डोकं घालायचं. मग व्हायचं काय, की एकतर सगळेच उठायचे, नाहीतर कोणीच नाही. गॅसच्या बाबतीत बहुधा कोणीच नाही.

"तो कोणीतरी एकदा घरी येऊ दे," सासूबाई म्हणायच्या, "त्याला बसवून चहा पाजणार आहे मी. बिचारा किती राबतो आपल्याकडे!"

ऑफिसातल्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटलं नसतं. तिथे वहिनी एकदम शिस्तीच्या. टेबलावर पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि पेन, तिन्ही एका ओळीत. 'वहिनी' हे नावही ऑफिसातलंच. तारा जोडणारे काका चष्मा नीट करायला वहिनींच्या यजमानांच्या दुकानात जायचे, त्या ओळखीने पहिल्या दिवशी त्यांनी "या वहिनी" म्हटलं, आणि मग काय, सगळ्यांच्या वहिनी झाल्या. अगदी मालकीणबाईंच्यासुद्धा, आणि मालकीणबाई वहिनींपेक्षा चांगल्या दहा-बारा वर्षांनी लहान.

ऑफिस म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. खाली पत्रा कापायचं मशीन कर्रकर्र करायचं, वर चार टेबलं, एक खिडकी आणि ढिगाने तारा. इथे लिफ्टचे कंट्रोल पॅनेल व्हायचे. म्हणजे लिफ्टच्या वर बसून कुठल्या मजल्यावर जायचं, दार कधी उघडायचं, कधी लावायचं हे ठरवणारी लोखंडी पेटी. पेटी आणि तारा काकांच्या. पेटीतलं डोकं, म्हणजे प्रोग्राम, वहिनींचा.

वहिनींनी हे काम पूर्वी केलेलं. मग मुलगी झाली, सासऱ्यांचं आजारपण निघालं, आणि बघता बघता मुलगी नववीत गेली. एवढ्या वर्षांत प्रोग्राम लिहायच्या तऱ्हा पार बदलल्या. वहिनी परत आल्या तेव्हा मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "ही दोन लिफ्टांची इमारत तुम्ही पार पाडा. मग कायमचं करायचं की नाही, ते..." आणि थांबल्या. वहिनींना वाटलं संपलं, म्हणून त्या "बरं" म्हणून उठल्या, तर मागून आलं, "...ते बघू." वाक्याच्या मध्येच अशा थांबत, म्हणून त्यांना सगळे पाठीमागे 'अर्धविराम' म्हणत.

तर नोकरी राहते की जाते, हे त्या दोन लिफ्टांवर होतं. आणि त्यात भर म्हणजे ती इमारत सासूबाईंच्या व्यायामाची. सगळ्यात वरच्या मजल्यावर गुडघ्यांचा व्यायाम करून घेणारी एक बाई बसायची. इमारतीत लिफ्ट एकच, तीही म्हातारी. खाली गुडघेवाल्यांची ही रांग. त्या रांगेत सासूबाईंनी जाहीर करून टाकलं होतं, "आता नव्या दोन लिफ्टा येतायत. माझी सून लिफ्ट लिहिते."

"लिफ्ट लिहिते म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे ती लिहिते, आणि लिफ्ट ऐकते. घरात तिचं कोणी ऐकत नाही ना, म्हणून."

आधीच्या सगळ्या इमारती एकेका लिफ्टच्या. त्यामुळे जुना प्रोग्रामही एकाच लिफ्टचा. त्यात सगळ्यात वर लिहून ठेवलेलं: दार. एकच दार. खालच्या सगळ्या कामांनी त्याच दाराकडे बघायचं. एकुलत्या एका लिफ्टला ते पुरायचं. दोन लिफ्टा आल्यावर अर्धविराम म्हणाल्या, हे मोडा आणि क्लास करून लिहा.

क्लास म्हटलं की घाबरायचं काम नाही. क्लास म्हणजे नमुना. लिफ्ट कशी असते ते त्यात एकदाच मांडायचं: तिला स्वतःचं दार असतं, ती कुठल्यातरी मजल्यावर असते, आणि तिला काही कामं येतात. वर जा, खाली ये, दार उघड, दार बंद कर. मग त्या नमुन्यावरून हव्या तेवढ्या लिफ्टा करायच्या. कामं तीच, पण दार जिचं तिचं. आता यात एक रीत असते. नमुन्यात कामाचं नुसतं नाव मांडायचं. ते काम करायचं कसं, ती कृती खाली वेगळी लिहायची. आणि ती लिहिताना कामाच्या नावाआधी नमुन्याचं नाव घालायचं, मग चार ठिपके, दोनावर दोन. लिफ्ट, चार ठिपके, दार बंद कर. एवढं केलं की कॉम्प्युटरला कळतं, हे काम लिफ्टचं आहे. ज्या लिफ्टला सांगितलं, तिनं आपलंच दार लावायचं. ते नाव आणि ठिपके राहिले, तर ती कृती कोणाचीच नाही. लग्नात मुलाकडून आलाय की मुलीकडून हे कोणालाच ठाऊक नसलेल्या पाहुण्यासारखी. फिरते सगळ्यांत, पण घरचं कोणी नाही.

वहिनींनी हे सगळं नीट समजून घेतलं होतं. एकेका कामाला नाव, ठिपके, कृती असं छान चाललं होतं. 'दार बंद कर'पाशी आल्या आणि घरून फोन आला. मुलगी.

"आई, कपाटाची किल्ली कुठाय?"

"अगं, कोणीतरी उचलली असेल. बघ की."

"कोणी?"

"मी ऑफिसात आहे चिमे, मला इथून दिसतं का?"

फोन ठेवला आणि कृती पुढे लिहिली. नाव आणि ठिपके राहिले ते राहिलेच.

संपूर्ण प्रोग्राम तपासून एकत्र जोडायला कॉम्प्युटरला दिला, तर स्क्रीनवर लाल अक्षरात तक्रार: लिफ्टचं 'दार बंद कर' हे काम सापडत नाही.

"सापडत नाही काय?" वहिनींनी स्क्रीनवर बोट आपटलं. "हे काय इथे! तुझ्या नाकासमोर आहे!"

मशीनला नाक नव्हतं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. वहिनींनी कृती वाचून पाहिली, कंस पाहिले, सगळं जागच्या जागी. आपण लिहिलेलं आपल्याला जसं असायला हवं तसंच दिसतं, तसं ते दिसलं. तेवढ्यात अर्धविराम दारात.

"वहिनी, झालं का? कारण मी इमारतवाल्यांना सांगितलंय..."

"झालंच!" वहिनी म्हणाल्या.

"...परवा सकाळी या म्हणून."

परवा म्हणजे मध्ये एकच दिवस. आणि घाईत माणूस करतं तेच त्यांनी केलं. तक्रार काय आहे? नमुन्यात नाव आहे पण कृती सापडत नाही. मग नमुन्यातलं नावच काढून टाकलं तर? ती एक ओळ त्यांनी पुसली. पुन्हा जोडायला दिलं. लाल अक्षरं गायब! जीव भांड्यात पडला.

नाव पुसूनही चाललं कसं? तर वहिनींना रिकामे डबे टाकवत नाहीत. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर बिस्किटांचे, कॉफीचे, कसकसले डबे. असू देत, लागतील. तसंच प्रोग्राममध्ये वरती ते जुनं एकुलतं एक दार त्यांनी ठेवलेलं, असू दे, लागेल. ठिपक्यांवाचूनची ती कृती दार शोधत निघाली, तिला ते जुनं दार सापडलं, आणि ती खूश. मशीन खूश. संध्याकाळी एक लिफ्ट जोडून पाहिली, तीही खूश. दार उघडलं, दार लागलं. अर्धविराम म्हणाल्या, "छान." आणि चक्क पुढे काही नाही. वहिनी घरी जाताना रिक्षावाल्याशीसुद्धा हसून बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची दुसरी लिफ्ट जोडून झाली. लिफ्ट म्हणजे खरीखुरी नव्हे हं. लांब टेबलावर गुडघ्याएवढी दोन सरकती पत्र्याची दारं, प्रत्येकाला मोटर, बाजूला बटणं. काकांचं काम बघत राहावं असं. प्रत्येक तारेच्या टोकाला प्लॅस्टिकचं इवलंसं कडं, त्यावर लिहिलेलं: एकचं दार, दोनचं दार. कड्यावाचूनची तार ते पेटीत शिरूच द्यायचे नाहीत. पण स्वतःची पिशवी अडकवायला मात्र त्यांना पहिल्या लिफ्टचं उघडं दार सोयीचं वाटायचं.

"काका, पिशवी काढा."

"अहो वहिनी, दोन नंबरचं बटण दाबताय ना? एकला काय होतंय?"

वहिनींनी दोन नंबरचं बटण दाबलं. दोन नंबरचं दार सताड उघडं राहिलं, आणि एक नंबरचं दार सरसर सरकत येऊन काकांच्या पिशवीवर बसलं.

"माझी केळी!" काका ओरडले.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दोनला सांगावं, एकने करावं. दोन नंबर आपली दार लागायची वाट बघत जागच्या जागी उभी. उघड्या दाराने हलायचं नाही, एवढी अक्कल तिला काकांनी वेगळ्या तारेतून दिली होती, म्हणून बरं.

आवाज ऐकून अर्धविराम आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं. "काका, तारा उलट्या जोडल्या गेल्या का..."

"माझ्या हातून?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला की विचारू नका.

"...ते एकदा बघा. उद्या सकाळी ते लोक येणार. काल एका लिफ्टवर प्रोग्राम चालला होता ना वहिनी?"

"चालला होता," वहिनी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

"मग ताराच."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक स्क्रू सैल करायला बसले. आज गाणं नाही. एरवी हा माणूस काम करताना गाणी म्हणतो आणि ती सुद्धा चुकीच्या चालीत. वहिनींना ती शांतता काही बघवेना. त्या पुन्हा स्क्रीनसमोर बसल्या. पुसलेली ओळ आठवली. पण मशीनची काही तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे बरोबर, असंच ना? त्यांनी सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं, काही दिसलं नाही, आणि निघायची वेळ झाल्यावर "येते हं काका" म्हणाल्या. काकांनी मान हलवली. निम्म्या तारा तोवर टेबलावर आडव्या झाल्या होत्या.

घरी आल्या त्या तशाच. पर्स सोफ्यावर टाकली, लॅपटॉप उघडला, घराचं पुढचं दार मागे सताड उघडं. यजमान दुकानातून लवकर आलेले, पेपरात तोंड. मुलगी कानात गाणी घालून पडलेली. जिन्यातून कोणाच्या तरी फोडणीचा वास घरात शिरला आणि वहिनी लॅपटॉपमधून मान वर न करता ओरडल्या, "कोणीतरी दार लावा!"

या वेळी एक उठला. यजमान. पेपर हातात तसाच धरून ते उठले, समोर दिसलं ते दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन बसले. आज्ञाधारकपणा म्हणजे केवढा!

फोडणीचा वास येतच राहिला.

"अहो, दार लावा म्हटलं ना!"

"लावलं की!"

"कुठे लावलंत? हे काय, उघडंच आहे!"

तेवढ्यात गॅलरीच्या काचेवर टकटक. मग धडधड. काचेपलीकडे सासूबाई. त्या झाडांना पाणी घालायला गेल्या होत्या. हातात झारी, आणि तोंड काचेला लावून काहीतरी बोलत होत्या. आवाज येत नव्हता, पण काय म्हणत असतील ते सगळ्यांना कळत होतं.

मुलीने धावत जाऊन कडी काढली. सासूबाई झारीसकट आत आल्या.

"मारायला टपलायत का मला? या गुडघ्यांनी गॅलरीत उभी राहू रात्रभर?"

"आई, मी काय करू," यजमान म्हणाले, "ही म्हणाली दार लावा."

"आणि तू लावलंस! कुठलं ते विचारलंस?"

"मला दिसलं ते लावलं."

"आणि तू गं!" सासूबाईंनी झारी वहिनींकडे वळवली. "कोणाला सांगतेस त्याचं नाव नाही, दार कुठलं त्याचा पत्ता नाही. नुसतं दार लावा! मग जो उठेल तो हाताला लागेल ते दार लावेल. आणि वर तू म्हणणार, लागलं ना दार? मग झालं तर!"

वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे. मग अशा हसायला लागल्या की मुलीने कानातलं काढलं.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. पुढचं दार लाव. तू लाव, चिमे. पुढचं."

मुलगी उठली आणि पुढचं दार लावून आली. सासूबाई बघतच राहिल्या. घरात पहिल्यांदाच एक हुकूम नावानिशी सुटला होता.

वहिनींनी आधी काकांना फोन लावला. "काका, तारा काढू नका!"

"काढून झाल्या वहिनी. आता परत जोडतोय. तारांची कडी सगळी बरोबर आहेत हो. मला तर काही कळेना."

"तुमची बरोबरच आहेत. माझं कडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"उद्या सांगते. तुम्ही जशा होत्या तशाच जोडा आणि घरी जा."

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी ऑफिसात. पुसलेली ओळ नमुन्यात परत मांडली. खालच्या कृतीला नाव घातलं, चार ठिपके दिले. आणि मग वरचं ते जुनं, एक नंबरच्या तारेला बांधलेलं दार, तो रिकामा डबा, काढून टाकला. हे काढायला हात धजत नव्हता, पण काढला. लगेच स्क्रीन लाल! 'दार उघड'मध्ये नाही, 'वर जा'मध्ये नाही. तर 'थांब' नावाच्या एका कामात, ज्याच्यावर कोणाचा संशयही नव्हता. तेही ठिपक्यांवाचूनचं, गुपचूप त्याच जुन्या दारावर जगत होतं. सापडत नाही म्हणून मशीनने बोंब ठोकली, आणि या वेळी वहिनींना ती बोंब ऐकून हायसं वाटलं. त्यांनी त्यालाही नमुन्यात जागा दिली, लिफ्टचं नाव आणि ठिपके दिले.

अर्धविराम आल्या तेव्हा वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"तारा बरोबर होत्या. चूक माझी होती. परवा मशीन सांगत होतं, मी त्याचं तोंड बंद केलं." आणि काय झालं ते सगळं सांगितलं, डब्यासकट, फक्त गॅलरी वगळून.

अर्धविराम ऐकत होत्या. "म्हणजे हे असंच तिथे बसवलं असतं, तर एका लिफ्टमध्ये कोणी चढत असताना..."

या वेळी वहिनी मध्ये बोलल्या नाहीत.

"...दुसरीतल्या माणसाने बटण दाबलं असतं, की हिचं दार." त्या थांबल्या. "आणि मी काकांना बोलले." पुन्हा थांबल्या. वहिनींना वाटलं, आता 'पर्स घ्या आणि घरी जा' येणार. तर अर्धविराम वळून थेट काकांच्या टेबलापाशी गेल्या. काय बोलल्या ते पत्र्याच्या मशीनमुळे ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळाने काकांचं गाणं सुरू झालं. चुकीच्या चालीत.

इमारतवाले आले. दोघं होते, आणि त्यातल्या एकाला बटणं दाबायची भारी हौस. त्याने एक दाबलं, दोन दाबलं, मग दोन्ही एकदम, मग एकाच्या मध्येच दुसरं. दोन नंबरला सांगितलं की दोन नंबर, एकला सांगितलं की एक. कोणी कोणाच्या दाराला हात लावला नाही. काकांची पिशवी त्या दिवशी खुंटीवर होती.

ते गेल्यावर अर्धविराम म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या इमारतीला तीन लिफ्टा आहेत."

वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ. शेवटी न राहवून म्हणाल्या, "मग?"

"मग काय? झालं माझं बोलून. लिहायला घ्या."

लिफ्टा बसल्यावर वहिनी एकदा सासूबाईंबरोबर त्या इमारतीत गेल्या. खाली गुडघेवाल्या मैत्रिणी जमलेल्याच होत्या. सासूबाईंनी सुनेला सगळ्यांपुढे उभं केलं आणि दोन चकचकीत दारांसमोर काठी टेकवून ऐटीत बटण दाबलं. एक दार अलगद उघडलं. दुसरं ढिम्म.

"अहो, ही दुसरी बिघडली वाटतं," एक मैत्रीण म्हणाली. "हलतच नाही."

"बिघडली नाही," सासूबाई आत शिरत म्हणाल्या. "तिला कोणी सांगितलेलं नाही. चल सूनबाई. तूच. दुसरं कोणीतरी नाही."